दीड तासाची झोप

बाहेर खुळखुळा फरशीवर पडला आणि केतकी दचकून जागी झाली. कुशीत बाळ नव्हतं. त्याच्या जन्मापासून ती पहिल्यांदाच सलग दीड तास झोपली होती.

लॉजच्या व्हरांड्यात सत्तरीच्या सासूबाई नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. समोर नैनितालचा तलाव. त्यात एकदा होडीत बसायचं, एवढ्यासाठी त्या सोलापूरहून आल्या होत्या, आणि सहलीची गाडी तिथे दोनच तास थांबणार होती.

“आई, तुमची होडी?”

“इथून दिसतंय की सगळं! हा किरकिरायला लागला, म्हटलं झोपू दे हिला. आता कशी माणसात आलीस बघ.”

खाली हॉर्न वाजला. केतकीने वाकून त्यांच्या सुजलेल्या पायांत चपला सरकवल्या.

बाबांबरोबर होडीत बसून आलेली चिमुरडी लेक धावत आली. “आई, आजी म्हणाली ती पुढच्या वेळी बसणार. पुढची वेळ कधी असते गं?”