कापसातला खळगा

पार्वताबाईचा मुलगा खुशाल हा इंग्रजांच्या भूतानवरच्या लढाईत कामी आल्याची खबर पलटणीतून आली, तेव्हा वेचणीचा कापूस नुकताच घरात येऊन पडला होता. दुसऱ्या दुपारी तिनं कापसाच्या खोलीत डोकावलं, तर ढिगात माणसाएवढा खळगा. पलटणीत जाण्याआधी खुशाल तिथंच, असाच गुडघे पोटाशी घेऊन निजायचा.

तिनं हात लावून पाहिला. कापसाला अजून ऊब होती.

मग रोजच दुपारी खळगा पडू लागला आणि पार्वताबाईच्या तोंडाला चव आली. ती पोटभर जेवू लागली, जात्यावर पुन्हा गाऊ लागली.

यंदा कापसाला सोन्याचा भाव होता. तिचा नवरा नत्थुजी अकोल्याला जायला गाडी जुंपून आत आला.

"सारा कापूस आजच विकून टाकतो वं."

"हळू बोला," ओठांवर बोट ठेवून ती सुखानं हसली. "आज तो एकटा नाही आला."

नत्थुजीनं तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ढिगात खळगेच खळगे पडले होते.

"किती लांबून आले असतीन पोट्टे," ती म्हणाली. "झोपू द्या त्याहिले."

तिनं दार ओढून घेतलं, तेव्हा आतला सगळा कापूस एकदमच वर आला आणि एकदमच खाली गेला.