थाबलैची पट्टी

इम्फाळच्या संग्रहालयातली मुलगी म्हाताऱ्या इबेतोनकडे मागावर धागे ठोकून बसवायची लाकडी पट्टी न्यायला आली. “इमा, एकोणचाळीस साली तांदूळ परमुलखात जाऊ नये म्हणून बायका इंग्रजांच्या शिपायांसमोर उभ्या राहिल्या, तेव्हा तुमच्या हातात हीच होती ना?” इबेतोनने विणणं थांबवलं. “ही माझ्या मैत्रिणीची, थाबलैची. संगीन तिच्या खांद्यात घुसली, पट्टी पडली, ती मी उचलली. तिचा हात पुन्हा वर गेला नाही. चाळीस वर्षं तिच्या घरचं कापड मीच विणलं.” “त्या भेटतील?” “गेल्या पावसाळ्यात गेली. तुम्हाला यायला उशीर झाला, पोरी.” मुलीने पट्टीला बांधायची नावाची चिठ्ठी काढली. “त्यावरचं माझं नाव खोडून तिचं लिही.” मुलीने लिहिलं. “आता वाच.” “थाबलै.” “पुन्हा वाच.” मग इबेतोनने ताण्यातून पट्टी अलगद काढून मुलीच्या ओंजळीत ठेवली. “आणि हे अर्धवट कापड?” “थाबलैच्या नातीच्या लग्नाचं. नवी पट्टी करून घेईन.”