पाठीवरचे अकरा हूक

पहिला हूक लागेना.

आईने पुन्हा ओढून पाहिलं. लाल झग्याच्या दोन्ही कडा पाठीवर आणल्या, पण मधे दोन बोटांचं अंतर उरलंच. तळघरात काळोख होता. वर रंगमंचाच्या फळ्यांवर पाताळाचा पहारेकरी पाय आपटत फिरत होता आणि त्याच्या प्रत्येक पावलाला फटींतून धूळ पडत होती. त्याचं भाषण संपायला फार तर दोन मिनिटं होती. तेवढ्यात अकरा हूक लागायला हवे होते.

नाटक साधंच होतं. एक मुलगी मेलेल्या बहिणीला परत आणायला पाताळात उतरते. म्हणजे नटी रंगमंचातली झडप उघडून जिन्याने तळघरात येते, पुन्हा जिन्याकडे तोंड करून उभी राहते, आणि कपडेपट सांभाळणारी बाई, म्हणजे तिची आईच, मागून तिला परतीचा झगा चढवते. दिवा लावायचा नाही, फटींतून उजेड दिसतो. बोलायचं नाही, पहिल्या रांगेला ऐकू जातं. आईचं त्यावाचून अडत नव्हतं. पंचवीस वर्षं तिचे हातच डोळ्यांचं काम करत आले होते.

सहा वर्षं ही भूमिका तिच्या मोठ्या मुलीने केली. काय आवाज होता पोरीचा! शेवटच्या रांगेत पेंगणारा म्हाताराही सावरून बसायचा. मागच्या हिवाळ्यात आठ दिवसांच्या तापात ती गेली. पुढच्या तारखा ठरून गेल्या होत्या. मालकाने धाकटीला उभं केलं, कारण ऐकून ऐकून तिला सगळं पाठ होतं.

धाकटी कपडेपटात इस्त्री करायची. काम आटपलं की दारात उभी राहून विचारायची, "मी निघू, आई?" आणि आई मान वर न करता म्हणायची, "निघ." तिला नाटकाचं वेड नव्हतं. तरी ती प्रत्येक प्रयोगाला झडपेतून खाली उतरत होती. कोणासाठी, ते वेगळं सांगायला नको.

झगा मोठीच्या मापाचा होता आणि धाकटी अगदीच काटकुळी. आईने दोन्ही बाजूंनी एकेक बोट आत घेऊन टीप मारली, पण कापड कापलं नाही. आत माया तशीच ठेवली.

"कापून टाक की, आई. आत टोचतं," धाकटी म्हणाली होती.

"असू दे. लागलं तर उसवता येईल."

कोणासाठी लागणार होतं, ते दोघींनीही विचारलं नाही.

खोटं कशाला बोला, आईचा जीव मोठीवर होता. धाकटीवर माया नव्हती असं नाही, पण ती उरलेली होती. आज दुपारी प्रयोगाआधी धाकटीचे केस बांधताना आई बोलून गेली, "ती असती तर आज थिएटर भरलं असतं." धाकटी आरशात बघत राहिली. मग म्हणाली, "माहितीये मला." एवढंच बोलली आणि कामाला लागली.

आता आईची बोटं काळोखात झग्यावरून खांद्यावर गेली आणि खांद्यावरून उजव्या कोपरावर. तिथे एक डाग होता, बोटाच्या पेराएवढा, गुळगुळीत. मोठी सात वर्षांची असताना आईच्याच हातातली इस्त्री तिथे लागली होती. तेव्हापासून आईने तो कितीदा कुरवाळला होता. शेवटचा कुरवाळला तो तिला निरोप देताना. कातडी तेव्हाही अशीच गार होती.

आईने तो डाग पुन्हा चाचपला. पण ती ओरडली नाही. इथे बोलायचं नसतं.

मग तिला मागचा श्वास ऐकू आला. कपड्यांच्या ट्रंकेजवळ कोणीतरी उभं होतं. श्वास बारीक होता, रोखून धरलेला. झगा टोचतो म्हणून धाकटी रोज असाच श्वास धरून उभी राहायची.

वर पहारेकरी गरजला, "एक वर जाईल. एक इथे राहील."

रोजचंच वाक्य. नाटकात नायिका त्याला बोलण्यात गुंडाळते आणि बहिणीला सोडवून आणते. बहीण म्हणून तिच्यामागे नुसता पांढरा झोत पडतो आणि लोक टाळ्या वाजवतात. तळघरात बोलण्यात कोणाला गुंडाळणार?

"आई," पुढून कुजबुज आली, "उसव ना."

आईच्या गळ्यात दोऱ्याला कायम एक छोटी कात्री असायची. तिला कळलं नाही असं म्हणता येणार नाही. कळलं, सगळं कळलं. मागे वळायला एक पाऊल पुरे होतं. धाकटीला हाताला धरून पुढे घेतलं असतं, तर तोच झगा तिला नीट बसला असता. आईने कात्री उघडली. आधी डावीकडची टीप उसवली, मग उजवीकडची. कापड सैल झालं. पहिला हूक लागला, दुसरा लागला. अकरावा लागला तेव्हा वर भाषण संपत आलं होतं.

पावलं जिना चढून गेली. झडप मिटली. आणि वर तो आवाज लागला, शेवटच्या रांगेपर्यंत, जराही जोर न लावता. मग टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेनात. आई काळोखात तोंडावर पदर दाबून रडत होती. आनंदानेच रडत होती.

मागे ट्रंकेजवळ काढून ठेवलेल्या चपला कोणीतरी पायांत सरकवल्या.

"मी निघू, आई?"