चौथ्या मजल्यासाठी लॅपटॉप

‘हा परत ठेवा. ह्याच्यावर सगळं चालतंय,’ आप्पासाहेब म्हणाले.

शेफालीला वाटलं, काका चुकून बोलले. तपकीर गल्लीतल्या त्या दुकानात ती बरीच वर्षं लॅपटॉप विकत होती. गिऱ्हाइकांनी रंगावरून, किमतीवरून, एकदा तर राहुकाळावरून लॅपटॉप नाकारलेला तिने पाहिला होता. चालतोय म्हणून कुणी नाकारला नव्हता.

‘काका, चालायलाच हवा ना?’

‘तुम्ही पुढचा दाखवा.’

आप्पासाहेबांनी आपला पेनड्राइव्ह पुढच्या लॅपटॉपला लावला. त्यात लिनक्स होतं, विंडोजऐवजी संगणक चालवणारी दुसरी प्रणाली. त्याच्यावरून सुरू केला की लॅपटॉपमधलं विंडोज झोपून राही आणि लिनक्सचं त्या लॅपटॉपशी जमतंय की नाही ते कळे. आवाज आला. कॅमेऱ्यात आप्पासाहेब दिसले. वायफाय लागलं. कॅमेऱ्यातल्या आप्पासाहेबांचा चेहरा पडला. सकाळपासून तो इतक्यांदा पडला होता की आता पडायला जागा राहिली नव्हती.

झालं होतं असं की, बाळने बोलणं टाकलं होतं. बाळ सदुसष्ट वर्षांचा होता. दोघांनी एकाच कचेरीत जन्म काढला आणि बिबवेवाडीत एकाच सोसायटीत घरं घेतली, आप्पासाहेबांनी तळमजल्यावर, बाळने चौथ्यावर. आप्पासाहेब विंडोजवाले, बाळ लिनक्सवाला. एका घरात दोन कुलदैवतं असावीत तसं ते वर्षानुवर्षं निभावलं. मग दोन वर्षांपूर्वी कोजागिरीला गच्चीवर, मसाला दुधाचा पेला हातात असताना, बाळ म्हणाला, ‘तुझं विंडोज रोज उठून बिघडतं.’ आप्पासाहेब म्हणाले, ‘तुझ्या लिनक्सवर एक गोष्ट धड चालत नाही.’ त्यापुढची वाक्यं एकमेकांच्या बुद्धीविषयी होती.

तेव्हापासून अबोला. सोसायटीच्या मीटिंगला दोघे एकाच सतरंजीवर बसत आणि अध्यक्षांमार्फत बोलत. ‘अध्यक्ष, त्यांना सांगा, माझ्या चष्म्यावर बसलेत.’ अध्यक्ष सांगत. बाळ उठे आणि अध्यक्षांना ‘सॉरी’ म्हणे.

हे असंच आयुष्यभर चाललं असतं, आणि आप्पासाहेबांची त्याला तयारीही होती. पण गेल्या आठवड्यात गवार निवडता निवडता बायको म्हणाली, ‘बाळभाऊजी मुलीकडे चाललेत हडपसरला. कायमचे.’ आप्पासाहेब दोन घास कमी जेवले. अमेरिकेला गेलेली माणसं निदान दिवाळीला तरी येतात. पुण्यातल्या पुण्यात हडपसरला गेलेलं माणूस बिबवेवाडीत कशाला उगवेल?

माफी मागणं हा एक मार्ग होता. पण आप्पासाहेब जन्माने पुण्याचे असल्यामुळे तो विचारात घेतला गेला नाही. दुसरा मार्ग बाळच्या स्वभावात होता. लिनक्स अडलंय असं कानावर आलं की बाळला गप्प बसवत नसे. स्वतःच्या पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, लिनक्सला माझा प्रिंटर सापडत नाही. बाळ अक्षता मुठीत तशाच घेऊन मागच्या रांगेत गेला. तो परत आला तेव्हा नवरानवरी जेवायला बसली होती.

तेव्हा आप्पासाहेबांनी ठरवलं. लिनक्स घ्यायचं. ते अडलेलं असलं पाहिजे. आणि ते घेऊन चौथ्या मजल्यावर जायचं.

अडचण एवढीच होती की ते अडत नव्हतं. समोर येईल त्या लॅपटॉपवर बाळचं म्हणणं खरं ठरत होतं, आणि तेही भर तपकीर गल्लीत, चारचौघांसमोर.

‘काका, तुम्हाला नक्की कसा हवाय?’ शेफालीने हात टेकले.

‘हलका. चार मजले चढायचेत, लिफ्ट नाही, गुडघा बाद आहे. पुढे बसने हडपसरपर्यंत न्यावा लागेल. लिनक्स सुरू झालं पाहिजे आणि वायफाय चालता कामा नये.’

‘चालता कामा नये?’

‘अहो, चालणारा लॅपटॉप घेऊन गेलो, तर दारात सांगू काय त्याला? करमत नाही म्हणून आलो?’

शेफालीने त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. मग ती आत गेली आणि एक पातळसा लॅपटॉप घेऊन आली. ‘हा बघा. एक इंजिनियर परत करून गेलाय. विंडोजवर ठीक आहे, पण लिनक्सला ह्याचं वायफाय दिसतच नाही म्हणाला. फार बोलला हो आम्हाला.’

आप्पासाहेबांनी पेनड्राइव्ह लावला. वायफाय कुठेच नव्हतं. त्यांनी दोनदा शोधलं. मग लॅपटॉप एका हाताने उचलून पाहिला. वहीसारखा उचलला गेला.

‘बांधा,’ ते म्हणाले.

घरी येऊन त्यांनी लिनक्स चढवलं आणि चहासुद्धा न घेता ते जिन्याला लागले. प्रत्येक मजल्यावर थांबून गुडघा चोळला आणि वाक्य घोकलं. वाक्य साधं होतं. त्यात नाव नव्हतं, हडपसर नव्हतं, कोजागिरी नव्हती.

बेलकडे हात गेला आणि दार आपणहून उघडलं. बाळ उभा होता. अंगात बाहेर जायचा शर्ट, एका पायात चप्पल, काखेत लॅपटॉप. दोन वर्षांत दोघे असे समोरासमोर उभे राहिले नव्हते.

‘लिनक्स घेतलंय,’ आप्पासाहेब धापा टाकत म्हणाले. ‘वायफाय चालत नाही.’

बाळने काखेतला लॅपटॉप उघडून पुढे धरला. आप्पासाहेबांच्या उभ्या जन्माच्या ओळखीची ती विंडोजची निळी पाटी, आणि मधोमध बिघाडाची सूचना.

‘मी विंडोज घेतलं,’ बाळ म्हणाला. ‘बिघडलं की तुझ्याकडे खाली यायचं ठरवलं होतं. महिना झाला, बिघडेचना. शेवटी आज मीच बिघडवलं.’