दोन उतारांची जोडी

नर पुन्हा साद घालू लागला. दोन आखूड टकटक, मग एक लांब स्वर. काचेच्या टाकीच्या दुसऱ्या टोकाला मादी ओल्या शेवाळावर बसून होती. ती जागची हलली नाही.

“छत्तीसचा आकडा आहे यांचा, मॅडम,” टाक्यांची देखभाल करणारा पाण्याचा फवारा बंद करत म्हणाला. “माझ्या बायकोनेही एवढा अबोला कधी धरला नाही.”

प्रयोगशाळेच्या प्रमुख हसल्या नाहीत. मादीच्या पोटात या हंगामाची अंडी तयार होती, आणि तिचे वय पाहता पुढचा हंगाम येण्याची आशा नव्हती. आजवर दर वेळी तिने नराजवळ न जाताच अंडी पाण्यात टाकून दिली होती. ती पांढरी पडत आणि कुजत. डोंगरावरचे बाकी सगळे बेडूक कातडीच्या बुरशीच्या साथीत संपले होते. या प्रजातीची आता एवढी एकच जोडी जगात शिल्लक होती.

बंदिवासात नराची साद बिघडली असावी, असा प्रमुखांचा तर्क होता. मोकळ्या बेडकांची जुनी साद कानावर पडली तर तो सुधारेल. तिचे ध्वनिमुद्रण फक्त त्यांच्या काकांपाशी होते.

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. दोघेही प्राणिशास्त्रज्ञ, आणि दोघांचे बिनसले ते याच बेडकावरून. डोंगराच्या पूर्व आणि पश्चिम उतारांवरचे बेडूक वडिलांनी कॅलिपरने मोजले होते. डोके, मांडी, बोटे, बोटांमधला पडदा. कशातच फरक निघाला नाही. प्रजाती एकच, असा निकाल त्यांनी दिला. काकांचे म्हणणे वेगळे होते. जे एकमेकांची साद ओळखत नाहीत त्यांची जोडी जमत नाही, आणि ज्यांची जोडी जमत नाही ते दिसायला कितीही सारखे असले तरी एक नव्हेत. यावर वडिलांनी भर सभेत विचारले होते, “उद्या माझ्या भावाचा घसा बसला, तर त्याला कोणत्या प्रजातीत टाकायचं?” सभागृह खदखदून हसले. त्या दिवसापासून काकांनी या इमारतीची पायरी चढणे सोडले. पाठ्यपुस्तकांत वडिलांचा निकाल गेला.

आज ते पुतणीच्या शब्दाखातर आले होते. एका हातात ध्वनिमुद्रण यंत्र, दुसऱ्या हातात छोटा स्पीकर. स्टूल ओढून ते टाकीसमोर बसले आणि डोळे मिटून नराची साद ऐकत राहिले.

“याला काहीही झालेलं नाही,” ते म्हणाले. “चोख बोलतोय. पूर्वेचा ना?”

“हो.”

“आणि ती?”

“पश्चिमेची. साथ आली तेव्हा इथे जागा थोड्यांनाच होती, काका. एकाच ओढ्यातली भावंडं जोडीला लागली की पिल्लं दुबळी निघतात. म्हणून मी मुद्दाम नर पूर्वेचे उचलले आणि माद्या पश्चिमेच्या. त्यांतले हे दोघे वाचले.”

“पूर्वेच्या माद्या सापडल्या नव्हत्या का?”

“सापडल्या होत्या. मोजून परत ओढ्यात सोडल्या.”

काकांनी त्यांच्याकडे पाहिले आणि नजर खाली वळवली. मग उठून त्यांनी स्पीकर नराच्या बाजूला, टाकीच्या टोकाशी काचेला टेकवला आणि पूर्वेची साद लावली. दोन टकटक, एक लांब स्वर. नर फुगला, चवताळून उत्तर देऊ लागला. मादी दगडासारखी बसून होती.

“ठार बहिरी आहे हो ती,” देखभाल करणारा पुटपुटला.

काकांनी बटण दाबले. आता नुसती एक घरघर ऐकू आली, हळूहळू चढत जाणारी, मध्येच तुटणारी. पुतणीने ती कधी ऐकली नव्हती.

“पश्चिमेचा उतार,” काका म्हणाले. “आम्ही दोघांनी मिळून टिपली होती. टॉर्च तुझ्या बाबांच्या हातात होता.”

मादीने डोके उचलले. शेवाळ सोडून ती पाण्यात उतरली. टाकीचा मध्य तिने कधी ओलांडला नव्हता, तो ओलांडला. वाटेत नर बसला होता. एखाद्या दगडाला वळसा घालावा तसा त्याला वळसा घालून ती पुढे गेली. स्पीकर टेकवला होता तिथे पोहोचली, पुढचे दोन्ही पाय वर केले आणि अंड्यांनी जड झालेले पोट काचेला चिकटवून तशीच राहिली.

“आली, मॅडम! आली!” देखभाल करणारा आनंदाने ओरडला.

काकांचा हात बटणाकडे गेला.

“काका, बंद करू नका,” पुतणी म्हणाली. “तिच्यासाठी बोलणारं आता दुसरं कोणी नाही.”

काकांनी हात मागे घेतला. घरघर चालू राहिली. मादीच्या पाठीमागे नराने पुन्हा दोन टकटक आणि एक लांब स्वर काढला, आणि पूर्वेच्या ज्या माद्या आपण स्वतःच्या हातांनी ओढ्यात परत सोडल्या, त्यांनाच तो इतकी वर्षे बोलावत होता, हे प्रमुखांना पहिल्यांदा ऐकू आले.