खात्रीचं पुस्तक

मास्तर दुकानाच्या फरशीवर पालथे पडून ग्रामोफोनच्या बुडाखाली टॉर्च मारत होते आणि बाई शेजारी उभ्या राहून पुस्तकातली एकेक खूण वाचून दाखवत होत्या.

“तळाचे स्क्रू पितळी.”

“आहेत,” खालून आवाज आला.

बारा खुणा जुळल्या. एक उरली. चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या मास्तरांना जुन्या ग्रामोफोनांचं वेड लागलं आणि ते दोनदा सपशेल फसले. पहिल्याचा जुनेपणा चहाच्या पाण्याचा होता. ओल्या फडक्यानं पुसल्यावर उतरला. दुसऱ्यावरचा कंपनीचा शिक्का उलटा होता, तो पाहुण्यांच्या नातीनं दाखवला. त्या दिवशी घरात तह झाला. तिसराही खोटा निघाला तर छंद बंद, आणि बाहेरच्या खोलीतली खिडकीजवळची उजेडाची जागा बाईंच्या शिलाई मशीनला. सात वर्षं ते मशीन स्वयंपाकघराच्या दारामागे तोंड लपवून बसलं होतं.

म्हणून मास्तरांनी आधी अस्सल ग्रामोफोनच्या खुणा सांगणारं खात्रीचं पुस्तक शोधायला घेतलं. त्यात चार वर्षं गेली. शेवटी ते एका रद्दीच्या दुकानात सापडलं. जाडजूड, कव्हर उडालेलं. महत्त्वाच्या प्रत्येक पानावर तेलकट अंगठ्याचा ठसा आणि समासात पेन्सिलीनं लिहिलेली मापं. मास्तर त्या ठशांवरून बोट फिरवत म्हणायचे, कुणीतरी या विद्येत आयुष्य घातलंय, हा न पाहिलेला माणूस माझा गुरू. बाई म्हणायच्या, गुरूंना हात धुवायची सवय नव्हती एवढं दिसतंय.

तेरावी खूण अशी, की हँडल फिरवताना सातव्या फेऱ्याला स्प्रिंग हलकेच कुरकुरते. मास्तरांनी उठून हँडल फिरवलं. सातव्याला कुरकुर झाली. लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं अशा नजरेनं त्यांनी बाईंकडे पाहिलं, दुकानदाराच्या हातात पैसे ठेवले आणि गुडघे दुखतात हे विसरून टेम्पो आणायला धावले.

बाईंनी मनातल्या मनात मशीन पुन्हा दारामागे ढकललं.

तेवढ्यात ग्रामोफोन बांधून द्यायला मागच्या खोलीतून म्हातारा कारागीर आला. पुस्तक दिसताच तो हरखला.

“हे कुठं मिळालं हो बाई तुम्हाला? माझं आहे हे. सुनेनं रद्दीत घातलं होतं.” त्यानं एक पान उलटलं. त्याचा काळा अंगठा ठशावर बरोब्बर बसला. “आता सगळं पाठ आहे म्हणा. पण हा ग्रामोफोन बनवताना त्या एका कुरकुरीपायी आठ दिवस घालवले.”

दुकानदार एकदम छताकडे बघू लागला.

एक शब्द बोलायचा अवकाश, उजेडाची जागा बाईंची होती. त्यांनी दारातून बाहेर पाहिलं. कर्णा कसा धरायचा, किती अलगद ठेवायचा, ते मास्तर टेम्पोवाल्याला हातवारे करून शिकवत होते. चाळीस वर्षांपूर्वी वर्गात शिकवायचे, अगदी तसेच.

बाईंनी पुस्तक कारागिराच्या हातातून काढून पिशवीत टाकलं. मग खालच्या आवाजात दोघांना बजावलं, की दर महिन्याला घरी येऊन तेलपाणी करून जायचं, तेही फुकट, आणि यातलं अवाक्षर कुठं बोलायचं नाही.

मास्तर धापा टाकत आत आले. “काय म्हणत होते गं ते?”

“काही नाही हो,” बाई म्हणाल्या. “पुस्तक अगदी खात्रीचं आहे म्हणाले.”