चुकणाऱ्याचा केक

डेन्मार्कमधल्या आर्हुसच्या त्या कचेरीत रीत एकच: ज्याच्या चुकीने भगदाड पडलं, त्याने सगळ्यांना केक खिलवायचा. या वेळचं भगदाड मोठं होतं. त्यांची प्रोग्रॅमिंगची भाषा जगभरच्या बँका-इस्पितळांत चालते, आणि ती चालवणाऱ्या गाभ्यातच चोराला शिरायला वाट राहिली होती. सकाळी दुरुस्ती जगभर रवाना झाली आणि सिग्ने केकचा डबा छातीशी धरून आली. नोकरी अजून कच्ची, आणि चुकलेली ओळ तिचीच.

"आस्गर, माझ्यामुळे झालं हे. मला काढणार का?"

तिचा साहेब आस्गर तिला कचेरीच्या स्वयंपाकघरात घेऊन गेला. टेबलावर आधीच तीन केक!

"हा माझा," टेबलापाशी उभी असलेली सहकारी विबेके म्हणाली. "तुझी ओळ तपासून 'झकास' म्हणाले ती मीच."

"चॉकलेटचा माझा," तिच्या शेजारचा पालले म्हणाला. "चाचणी मी लिहिली होती. तिलाही काही दिसलं नाही, आंधळी मेली!"

"आणि हा करपलेला माझा," आस्गर म्हणाला. "आटपा, आटपा म्हणून मीच नाचत होतो ना!"

सिग्नेला रडू यायचं ते हसूच फुटलं. कीर्तन संपल्यावर पोरं प्रसादावर पडावीत, तशी चौघं तुटून पडली. तिन्ही केकचा फडशा पडल्यावर तिने आपला डबा उघडायला घेतला, तसा आस्गरने तो उचलून फ्रीजरमध्ये ठेवला.

"हा राहू दे गं. भगदाडावर आजचं ठिगळ कुणी शिवलंय?"

"मीच."

"मग लागेल पुढच्या महिन्यात."